आभाळातली भरती, भिवंडीतलं लोखंड

भिवंडीला जाऊन आले म्हटलं की लोक विचारतात, "कापड घ्यायला, की गोडाऊन बघायला?" मी तिथे आभाळ मोजायला गेले होते असं सांगितलं की ते विषय बदलतात. प्रवासाहून आलेल्या माणसाने असं लिहावं की वाचणाऱ्याला उठून तिकडे जावंसं वाटेल, अशी आपली रीत आहे. तुम्ही भिवंडीला जा किंवा जाऊ नका, मला त्याचं काही नाही. मी तिथे कशी वागले हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आधी आभाळाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समुद्राला भरती-ओहोटी असते तशी हवेलाही असते. सूर्य तिला तापवतो, चंद्र तिला ओढतो, आणि या दोघांच्या ओढाताणीत अख्खं वातावरण रोज ठरलेल्या वेळांना फुगतं आणि बसतं. खाली आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. पण शंभर किलोमीटर आणि त्याहून वर, जिथे उन्हामुळे हवेतच विद्युतभार मोकळा झालेला असतो, तिथे ही भरती हवेला पृथ्वीच्या चुंबकी क्षेत्रातून आडवी-तिडवी नेते आणि दिवसा तिथे वीज वाहू लागते. तारा नाहीत, खांब नाहीत, पण प्रवाह अगदी खरा. देशाच्या दक्षिण टोकावर त्याचा जोर सगळ्यात जास्त. जमिनीवर चुंबकमापी ठेवला की त्याच्या रेघेत त्या वरच्या प्रवाहाची खूण उमटते.

तिकडच्या एका खेड्यात माझी सहकारी अनुराधा असं यंत्र सांभाळते. पण तिच्या रेघेत इतरही बराच गोंधळ मिसळलेला असतो, आणि तो वजा करायला लांब उत्तरेकडे दुसरं यंत्र लागतं. ते माझ्याकडे. मी मूळची मिरजेची, पुण्यात कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. आमची आधीची जागा बांधकामात गेली, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या क्लार्कनी त्यांच्या भिवंडीकडच्या ओळखीतल्या एका शेतकऱ्याची जमीन सुचवली. अनुराधा फोनवर ओरडलीच, "भिवंडी? लूम, ट्रक, कंटेनर! लोहाराच्या भात्यापाशी होकायंत्र ठेवतेस का?" मला कुणी नको म्हटलं की माझं हो पक्कं होतं. "जागा मी बघून घेते," म्हणाले.

आणि आम्ही दोघी ज्याची वाट बघत होतो तेही सांगते. एखाद्या हिवाळ्यात उत्तर ध्रुवावर, तीसेक किलोमीटर उंचीवरची हवा थोड्या दिवसांत एकदम तापते आणि तिथले वारे उलटे फिरतात. मग काय होतं, तर एरवी सूर्यापुढे गरिबाघरच्या पाहुण्यासारखी दबून असलेली चंद्राची भरती जोर धरते, आणि ध्रुवापासून इतक्या लांब, आपल्या डोक्यावर दुपारच्या वेळी प्रवाह मंदावतो, कधी चक्क उलटा वाहतो. कुठे ध्रुव, कुठे आपण. मी निघाले तेव्हा ध्रुवाकडची बातमी थंड होती. "यंदा काही नाही," असं म्हणून मी यंत्राची पेटी बांधली.

धामणकर नाका

भिवंडीत पहिला पाय ठेवला तो धामणकर नाक्यावर. रिक्षा, हातगाड्या, कापडाचे तागे डोक्यावर घेतलेली माणसं, आणि गल्लीगल्लीतून येणारा लूमचा खटखटाट. शेअर रिक्षावाल्याने माझ्या पेटीकडे बघून निकाल दिला, "मॅडम, पेटी का भी सीट लगेगा." मी मराठीत भांडले, तो हिंदीत भांडला, आणि आत आधीच बसलेल्या एका चाचांनी दोन्ही भाषांत तोडगा काढला. पेटी त्यांच्या मांडीवर, मी त्यांच्या पलीकडे. "इसमें क्या है?" त्यांनी विचारलं. "आसमान नापने का यंत्र." त्यांनी पेटी जरा घट्ट धरली आणि उतरेपर्यंत हलू दिली नाही.

मी मात्र नाक्यावरच मनाशी लिहून टाकलं होतं की इथे शांत असं काही मिळणार नाही, इथली माणसं गोंगाटाला सरावलेली आहेत आणि त्यांना माझ्या कामाचं सोयरसुतक असणार नाही. चाचा पेटी सांभाळत होते तेव्हाही माझं मत हेच होतं.

मानकोलीच्या पुढे

पूर्णा गेलं, मानकोली गेलं. दोन्ही बाजूंना गोडाऊनच्या निळ्या-पांढऱ्या भिंती, त्यांच्यापुढे रांगेत उभे कंटेनर, आणि मधूनच, कुणी विसरून गेल्यासारखं एखादं भाताचं खाचर. मग रस्ता आत वळला, भिंती संपल्या आणि वालाची शेतं लागली. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर इकडे वाल घेतात. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्या माणसांना माझ्यापायी झाला तेवढा त्रास पुरे.

ती जमीन ज्याची, तो बाळाराम रस्त्यावर उभाच होता. पन्नाशीचा, सडसडीत, अंगात गोडाऊनच्या सिक्युरिटीचा शर्ट. रात्रीची ड्युटी करून आलेला, तरी दाढी केलेली. घरी त्याची बायको सुगंधा आणि मुलगी प्रणिता. प्रणिता मानकोलीला गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करायच्या शिफ्टला जायची, पण त्या आठवड्यात रजेवर होती, कारण चार दिवसांनी तिचं लग्न होतं.

"लग्न? मग मी पुढच्या महिन्यात येते," मी म्हणाले. खरंच म्हणाले, एवढं माझ्या बाजूने नोंदवून ठेवते.

"कशाला? घरान कार्य हाय आनि पावनी आली, चांगलंच की," बाळाराम म्हणाला. "तुमचं यंतर कोपऱ्यान बसंल. त्याला कय जेवाला वाराचं हाय?"

भाड्याचा विषय काढला तर तो हसला. आभाळ मोजायचं भाडं कसलं, म्हणाला.

मशीनचं सोवळं

घराच्या मागे खळं, खळ्याच्या टोकाला आंब्याखाली आम्ही खड्डा घेतला. त्यात बिनखिळ्याची लाकडी पेटी, पेटीत यंत्र, वर ताडपत्री. तिथून वायर मागच्या पडवीत आणून छोट्या पडद्याला जोडली, म्हणजे रेघ बसल्या जागी दिसत राहील. मग मी सगळ्यांना बसवून माझं नेहमीचं भाषण दिलं. ऊन चालेल, वारा चालेल, कोंबडी चालेल. लोखंड चालणार नाही. विळा, कोयता, लोखंडी घमेलं, सायकल, मोटरसायकल, किल्ल्या, बांगडीला लावलेली पिनसुद्धा नाही.

सुगंधाने शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे हिला लोखंडाचा विटाल हाय म्हना की."

मी हसले. "तसंच समजा."

त्यांनी ते तसंच समजलं, हीच तर सगळी गोष्ट. आपण नियम समजावून देतो, लोक तो ऐकतात, जमेल तेव्हा पाळतात. या घराने त्याचं सोवळं केलं. पडवीच्या दारात प्लास्टिकची बादली ठेवली गेली. खळ्याकडे जाणारा प्रत्येकजण तिच्यात किल्ल्या, पिना, चाकू टाकून मगच पुढे जाई. मांडवाचे लोखंडी पाइप घेऊन टेम्पो आला तर बाळारामने तो मागच्या वाटेने येऊच दिला नाही. घरापुढे, रस्त्यापलीकडे मांडव घालायचा असं माझ्याशी ठरलं होतं, तिथेच घातला. "शबूद दिलाय मी. तुमी निर्धास्त ऱ्हावा," तो मला म्हणाला.

जेवायला तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, ओल्या वालाची भाजी. मिरजेत भाकरी म्हणजे ज्वारीची, चुलीपाशी थापटण्याचा आवाज आला की भूक लागते. इथली भाकरी उकड काढून मळलेली, मऊ, पांढरीशुभ्र. मी तिचा तुकडा मोडायला दोन्ही हात लावले तर सुगंधा म्हणाली, "तिला मारू नुका, ती कय ज्वारीची न्हाय." पोरगी खदखदून हसली. दुसऱ्या फेरीला मला एका हाताने तोडता येऊ लागलं.

तीन दुपारी

पहिल्या दुपारी आम्ही जेवत असताना रेघ खाली उतरू लागली. हळूहळू उतरली, तळाशी रेंगाळली आणि तितक्याच हळू वर आली. मी हात धुऊन खळ्यात गेले. कुणी नव्हतं. म्हटलं, बाहेर कुठेतरी कंटेनर थांबला असेल.

दुसऱ्या दुपारी जेवणं होऊन भांडी घासली जात होती, तेव्हा पुन्हा तेच. आता मला शंका येऊ लागली. आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो चांगला आहे: रेघ बिघडली तर आधी माणूस तपासावा, मग यंत्र, आणि सगळ्यात शेवटी आभाळ. पहिल्या पायरीवर मी अशी ठाण मांडून बसले की पुढच्या दोन आहेत हेच विसरले. पाणी भरायला आलेल्या बायका, मांडव बांधणारे, सगळ्यांकडे मी चोर पकडायला आल्यासारखी बघू लागले.

अनुराधाचे मेसेज येत होते. "रेघ कशी आहे?" "शैला, फोन उचल." मी उचलला नाही. तिच्याशी भांडून जागा निवडलेली, आणि तीच घाणेरडी निघाली हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? दोन दिवसांत लबाडी पकडते आणि मग स्वच्छ रेघ दाखवते, असा माझा बेत होता.

इथे मला थांबून एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती सांगताना कान गरम होतात. लोखंड यंत्राजवळ आलं की रेघ एकदम पायरी घेते. आलं की खाली किंवा वर, गेलं की परत. ही रेघ पायरी घेत नव्हती, ती उतार घेत होती, टेकडी उतरून चढावी तशी. पायरी आणि उतार यांतला फरक मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. न ओळखणाऱ्यांचे मार्क कापते.

हळद

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नाच्या सकाळी उरकायचा विधी. या गावांत हळद लग्नापेक्षा मोठी. सकाळपासून पाहुण्यांची रीघ, मटणाचे टोप, आणि मांडवात धवलारीण, म्हणजे लग्नाचे विधी गाण्यांतून लावणारी बाई. तिचा आवाज खणखणीत, एका लयीत असा चाललेला, की आत पडद्यापुढे बसूनही माझं डोकं त्या लयीत हलत होतं. मागच्या दारी येणारा प्रत्येक पाहुणा बादलीत किल्ल्या टाकत होता. "मॅडमच्या मशीनचा विटाल हाय," असं सुगंधा प्रत्येकाला सांगे, आणि माझ्याकडे बोट दाखवी. त्यात थोडा अभिमानही होता.

प्रणिताला हळद लागली. हळद लागलेल्या मुलीच्या हातात लोखंड देतात, नजर लागू नये, वाईट वारा जवळ येऊ नये म्हणून. आमच्याकडे कट्यार नवरदेवाच्या हातात असते. इथे मुलीच्याही हातात छोटी सुरी, टोकाला लिंबू खोचलेलं. सासरी पोचेपर्यंत ती हातातून सोडायची नाही. पिवळ्याधमक अंगाने, सुरी धरून पोरगी मांडवात बसलेली. मी फोटो काढला, आणि ती लाजून म्हणाली, "मॅडम, मला पाठवा हां."

दुपारच्या चहाच्या वेळी रेघ उतरू लागली. मी पडवीच्या दारात आले आणि बघते तर प्रणिता खळ्याच्या कडेला उभी. मांडवातल्या गर्दीतून जरा मोकळ्या हवेला आली असेल. हातात सुरी.

मग मी जे ओरडले ते मांडवात ऐकू गेलं. मांडव रस्त्यापलीकडे होता. "म्हणजे तूच का! रोज दुपारी तू इथे येतेस! तरी मी म्हणते!"

"न्हाय मॅडम, मी आत्ताच..." ती म्हणाली.

"तू गप्प बस!" सुरी तिच्या हातात आजच आली होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

धवलारीण थांबली. माणसं गोळा झाली. बाळाराम धावत आला, डोक्याला फेटा, हाताला हळद. मी त्याला हाताला धरून पडद्यापुढे उभं केलं. "ही बघा रेघ. तीन दिवस हेच चाललंय. मला शब्द दिला होतात ना तुम्ही? लग्नघर आहे म्हणून मी परत जात होते, तुम्ही ठेवून घेतलंत. आणि पाठीमागे हे?"

त्याला ती रेघ वाचता येत नव्हती. तरी त्याने ती नीट पाहिली, जशी आपण न कळणाऱ्या भाषेतली कोर्टाची नोटीस पाहतो. "मॅडम, शबूद मोडला न्हाय," तो म्हणाला.

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

 बाळाराम खळ्यात गेला आणि त्याने मुलीपुढे हात केला. सुगंधा मधे आली. "आवं, हलद लागलीया तिला. असं कवा करतात का?"

"दे," तो मुलीला म्हणाला.

तिने दिली. त्याने सुरी बादलीत टाकली आणि बादली उचलून रस्त्याच्या टोकाच्या घरी पोचवली. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. प्रणिताचा हात तसाच राहिला, अजून काहीतरी धरल्यासारखा, मग तिने तो पदरात घेतला. इतक्यात रेघही वर येऊ लागली. वेळच झाली होती तिची, पण मला वाटलं, बघा, सुरी गेली आणि रेघ सुधारली. मला, खोटं कशाला सांगू, जिंकल्यासारखं वाटलं.

त्या संध्याकाळी सुगंधाने मला स्वतः वाढलं. भाकरी मऊ, रस्सा गरम, मटणाचे चांगले तुकडे माझ्या ताटात.  मी जेवले.

रिकामं खळं

लग्न दुसऱ्या दिवशी मानकोली नाक्याजवळच्या हॉलवर होतं, मुहूर्त कलत्या दुपारचा. सकाळीच सगळं घर निघालं. मी म्हणाले, मी यंत्रापाशी थांबते. बाळाराम जाताना म्हणाला, "या मंग सांजच्याला जेवाला." काल मी चारचौघांत खोटारडा म्हटलेल्या माणसाने हे आमंत्रण दिलं, आणि मी ते माझा हक्क असल्यासारखं घेतलं.

घर रिकामं. खळ्यात कोंबड्या, वाळत घातलेले वाल, रस्त्यापलीकडे ओकाबोका मांडव. चहाची वेळ होऊन गेली, रेघ सरळ होती. मी मनात म्हटलं, बघ, कसं शिस्तीत आलं. आणि रेघ उतरू लागली.

मी बाहेर पळाले. कुणी नाही. आंब्यामागे नाही, विहिरीपाशी नाही, बांधावर नाही. मग मी, विज्ञानाची पदवीधर बाई, स्वतःचा चष्मा, घड्याळ, केसांतल्या पिना काढून पडवीत ठेवल्या आणि आंधळ्यासारखी गुडघ्यांवर रांगत पेटीभोवती लोखंड शोधू लागले. एक कोंबडी माझ्याबरोबर चालली. लोखंड नव्हतंच कुठे. त्या खळ्यात तेव्हा लोखंडाचा कणही नव्हता, कारण त्या माणसांनी तो ठेवलाच नव्हता. परत आले तर रेघ अजून उतरतच होती, सावकाश, गुळगुळीत.

मी अनुराधाला फोन लावला.

"शैला! मेलीस की काय? चार दिवस बोंबलते आहे मी!" ती ओरडली, पण आनंदाने. "आलाय ना? तुझ्याकडेही आलाय ना? सांग की!"

"काय आलाय?"

"अगं उलटा प्रवाह! दुपारचा खड्डा! तू निघालीस आणि ध्रुवावरची हवा तापायला लागली. माझ्याकडे तर रेघ धाडकन आपटते, तुझ्याकडे लहान असेल. आणि रोज उशिरा सरकतोय, पाऊण-एक तासाने, अगदी चंद्राच्या मागोमाग. तुला दिसला कसा नाही?"

पहिल्या दिवशी जेवताना. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना. तिसऱ्या दिवशी चहाला. आज चहानंतर. चंद्र रोज जितका उशिरा उगवतो तितकंच.

ज्याच्यासाठी यंत्र घेऊन गावोगाव हिंडले, ते माझ्या पुढ्यात चार दिवस रोज येत होतं. आणि मी त्याला बघून एका पोरीच्या हातातली सुरी काढून घेतली होती. मला इतकी लाज वाटली की फोन कानाला असूनही मला अनुराधाचं पुढचं धड ऐकू येईना. ती विचारत होती, "जागा फार छान दिसते गं तुझी, इतकी स्वच्छ रेघ मिळाली कशी?" मी फोन ठेवला.

आकाश शेवटी तपासावं हा नियम चांगला आहे, पण मी माणसंही तपासली नव्हती. मी फक्त ठरवलं होतं. धामणकर नाक्यावर, रिक्षात बसण्याआधीच.

हॉल

सुरी परत न्यावी म्हणून रस्त्याच्या टोकाच्या घरी गेले, तर कुलूप होतं. बादली आत. रिक्षा मिळेना, मिळाली तर मानकोलीजवळ कंटेनरच्या रांगेत अडकली. मी उतरून शेवटचा भाग चालत, अर्धवट धावत गेले. पोचले तोवर लग्न लागलं होतं, पंगती उठत होत्या, दारापाशी चपलांचा ढीग निम्मा झाला होता.

बाळाराम फाटकाशी उभा राहून पाहुण्यांना निरोप देत होता. मी त्याला बाजूला घेतलं. हळू आवाजात, चंद्रापासून ध्रुवापर्यंत सगळं एका दमात सांगितलं. त्याला कितीसं कळलं कोण जाणे. त्याने एवढंच विचारलं, "मंग तुमचं काम जालं?"

"झालं. फार चांगलं झालं. पण बाळारामभाऊ, तुमचं काहीच..."

"जालं ना? बेस जालं." त्याला खरोखर बरं वाटलं. तोंडावर दिसत होतं. "आता जेवून घ्या. उशीर केलाव."

तो मला दोन शब्द रागाचे बोलला असता तर मी त्या दोन शब्दांवर जगले असते.  वळले तर मागे सुगंधा येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"म्हंजे आमच्या हातनं कय जालंच नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"माझ्या पोरीच्या हातनं बी न्हाय."

"नाही. चूक माझी. मला माफ करा वहिनी."

"एकदा सुटली सुरी की परत हातान देत न्हायत. माझी पोर मोकल्या हातानं बोहल्यावर चढली. आता तिला कय बी जालं, नुसती शिंक आली तरी मना ता आठवंल." तिचा आवाज चढला नव्हता. "मना कानान सांगू नुका. काल कशा बोलल्या? तशा बोला. जोरात."

"अगं, पावनी हाय ती," बाळाराम म्हणाला.

"म्हनूनच काल गप ऱ्हायले," ती म्हणाली, आणि माझा दंड धरून मला आत घेऊन गेली.

स्टेजवर प्रणिता नवऱ्याशेजारी बसलेली. नवऱ्याच्या हातात कट्यार, तिचे दोन्ही हात मांडीवर. मला बघून तिने मान खाली घातली नाही, बघत राहिली. सुगंधाने डीजेवाल्याला हाताने खूण केली आणि गाणं बंद झालं.

वर्गात सव्वाशे मुलांपुढे कधी अडखळले नाही ती मी तिथे घसा खाकरत उभी. मग म्हणाले. बाळारामभाऊंनी शब्द मोडला नव्हता. प्रणिताच्या हातातल्या सुरीने काही झालं नव्हतं. वर आभाळात जे झालं ते मला ओळखता आलं नाही आणि मी या घरावर खोटा आळ घेतला. काल जे बोलले ते सगळं चूक. शेवटपर्यंत बोलले, कालच्याइतकं मोठ्याने.

पुढच्या खुर्चीवरची एक म्हातारी शेजारणीला विचारू लागली, "कोन गो ही? कय म्हनते?"  मी हॉलभर नजर फिरवली. काल मला ओरडताना ज्यांनी ऐकलं होतं, त्यांतली निम्मी माणसं तोवर जेवून आपापल्या गावी गेली होती.